विद्यार्थी खेळाडूंवरचा मानसिक ताण : कसा ओळखावा, कसा हाताळावा

सोळा वर्षांची एक कबड्डीपटू मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या फाइलमध्ये दोन सोनोग्राफी, एक एंडोस्कोपी आणि रक्ताच्या तपासण्यांचे ढीगभर रिपोर्ट होते. सगळे नॉर्मल. सामन्याच्या दिवशी सकाळी पोटात मुरडा येऊन उलटी होते, एवढीच तक्रार. मी आणखी विचारल्यावर आई म्हणाली, "आधी फक्त मॅचच्या दिवशी व्हायचं, आता रोज सकाळी होतंय." निदानाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तुमच्या घरात शाळेकडून, कॉलेजकडून किंवा तालमीकडून स्पर्धेत उतरणारं मूल असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. खेळाडू मुलं सहसा "मला टेन्शन आलंय" असं म्हणत नाहीत. "पोट दुखतंय", "पाय जड झालेत", "झोप येत नाही", "सर मला उगीच ओरडतात" असं म्हणतात. खेळात दुबळेपणा दाखवायचा नसतो हे त्यांना फार लवकर शिकवलेलं असतं, त्यामुळे मनातलं आधी शरीर बोलतं.

सामन्याआधी पोटात गोळा येणं हा आजार आहे का?

नाही. मोठी कसोटी समोर आली की मेंदू शरीराला तयारीचा इशारा देतो आणि अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. पोटाकडचा रक्तपुरवठा त्या वेळी कमी होतो, म्हणून मळमळतं, पोटात गोळा येतो, सारखं शौचाला जावंसं वाटतं. तळहात गार आणि ओले होतात, तोंडाला कोरड पडते. वर्षानुवर्षं खेळणाऱ्या खेळाडूंनाही हे होतं. फरक इतकाच, की हे काय आहे आणि किती वेळ टिकणार आहे हे त्यांना माहीत असतं.

ही धडधड प्रत्येक खेळात सारखीच उपयोगी नसते. चढाईला निघालेल्या कबड्डीपटूला किंवा ब्लॉकमध्ये बसलेल्या धावपटूला ती थोडी जास्त असली तरी चालते. नेमबाजाला, तिरंदाजाला किंवा बुद्धिबळपटूला तेवढीच धडधड महागात पडू शकते, कारण तिथे हात आणि डोकं स्थिर लागतं. म्हणून "अमक्याला बघ, कसा पेटून खेळतो" हा सल्ला सगळ्यांना लागू होत नाही.

नेहमीची घालमेल आणि काळजी करण्यासारखी स्थिती यांतला फरक ओळखायला मी घरच्यांना एक गोष्ट बघायला सांगतो. शिट्टी वाजल्यावर ती भीती उतरते का? पहिल्या दोन-चार मिनिटांत मूल खेळात रमलं आणि संध्याकाळी नीट जेवलं, झोपलं, तर ती स्पर्धेची घालमेल होती. सामना संपल्यावरही ती राहत असेल, सामना नसलेल्या दिवशीही येत असेल, अभ्यास, जेवण, मित्रमैत्रिणी यांच्यातही घुसत असेल, तर ते वेगळं आहे. त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं होतं.

ताण नेमका कशाचा असतो?

फक्त हरण्याचा असता, तर तो बराच सोपा होता. आपल्याकडे शालेय खेळाला बऱ्याच गोष्टी जोडलेल्या असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी शिडी असते. कुठल्या पायरीपर्यंत गेलात त्यावर दहावी-बारावीचे क्रीडा गुण ठरतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सैन्यदल यांतही खेळाच्या जोरावर भरती होते. शेतीवर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरात हे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीचा दरवाजा असतो. त्यात गैर काहीच नाही. अनेक घरं त्याच दरवाजातून पुढे गेली आहेत. पण मग सतरा वर्षांखालील विभागीय सामन्यात शेवटच्या चढाईला निघालेल्या मुलाच्या अंगावर फक्त एक गुण नसतो. वडिलांनी उसने पैसे काढून घेतलेले बूट असतात, आईचा पहाटे साडेचारचा डबा असतो, धाकट्या बहिणीच्या राहून गेलेल्या क्लासची फी असते. हा हिशेब तुम्ही बोलून दाखवला नाही तरी मुलांना कळतो.

त्यात दिवस पुरत नाही. पहाटे मैदान, मग शाळा, मग क्लास, संध्याकाळी परत मैदान. स्पर्धा आणि बोर्डाची पूर्वपरीक्षा पाठोपाठ येतात. किशोरवयीन मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. अकराला झोपून साडेचारला उठणाऱ्या मुलाला साडेपाच तास मिळतात आणि तेही रोज. अशा मुलाची चिडचिड, विसराळूपणा, मैदानावरची मंद हालचाल यांचं कारण शोधताना मी पहिल्यांदा झोपेचाच हिशेब मांडतो. कित्येकदा तिथेच अर्धं उत्तर सापडतं, आणि ते ऐकून घरच्यांना थोडं निराश व्हायला होतं, कारण त्यांना गोळी हवी असते.

वसतिगृहात किंवा क्रीडा प्रबोधिनीत गेलेल्या मुलांचं आणखी एक दुःख असतं. गावात ते पहिले होते. इथे आलेलं प्रत्येक मूल आपापल्या गावातलं पहिलंच असतं. बारा-तेराव्या वर्षी घर सुटतं, बोलीभाषेवरून चेष्टा होते, आणि फोनवर "बरं चाललंय" म्हणण्यापलीकडे काही सांगता येत नाही. मुलींना तर पाळीबद्दल पुरुष प्रशिक्षकाशी बोलता येत नाही, म्हणून त्या दुखत असतानाही पळतात आणि "आज लक्ष नाही तुझं" हे ऐकून घेतात. "अजून किती दिवस खेळणार?" हा नातेवाइकांचा प्रश्न असतोच.

हल्ली मोबाइलची भर पडली आहे. पूर्वी चुकलेली पकड त्या मैदानावर विसरली जायची. आता तिची क्लिप रात्रीपर्यंत तालुक्याच्या ग्रुपवर फिरते आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते.

वजन उतरवणं : तालमीतली जुनी खोड

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याकडे घरचे लोक "खेळाचा भाग" म्हणून बघतात. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, तायक्वांदो, वेटलिफ्टिंग यांत वजनगट असतात. वजनाच्या आधी दोन-तीन दिवस पाणी तोडणं, उपाशी राहणं, प्लास्टिकचा किंवा रबरी सूट घालून उन्हात पळणं, वारंवार थुंकणं, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणं, हे प्रकार शाळकरी मुलंही करतात. मोठ्या पैलवानांचं बघून शिकतात.

अमेरिकेत १९९७ साली अवघ्या काही आठवड्यांत कॉलेजचे तीन कुस्तीगीर अशा प्रकारे वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि गरम खोल्या यांवर बंदी आली आणि वजनाचे नियम बदलले. आपल्याकडे बहुतेकांना आठवतं ते २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक. विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली होती, पण सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरल्याने तिला अपात्र ठरवलं गेलं. रात्रभर झगडूनही शरीर ऐकत नाही तो क्षण सगळ्या देशाने पाहिला.

पाणी कमी झाल्याचा परिणाम फक्त ताकदीवर होत नाही. एकाग्रता जाते, निर्णय चुकतात, राग अनावर होतो, झोप लागत नाही. वजन झाल्यावर मूल अधाशासारखं खातं आणि मग अपराधी वाटून घेतं. हेच चक्र वर्षातून पाच-सहा वेळा फिरलं की अन्नाशी असलेलं नातं बिघडतं. पुढे खाऊन मुद्दाम उलटी काढणं, सारखं आरशात बघणं, लपवून खाणं अशी लक्षणं दिसू लागली, तर तो खाण्यासंबंधीचा मानसिक आजार असू शकतो, आणि तो मुलांमध्येही होतो.

सराव खूप आणि खाणं अपुरं असं बराच काळ चाललं, की शरीर काटकसर सुरू करतं. मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं कमजोर होऊन बारीक फ्रॅक्चर होतात, मन उदास राहतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव दिलं आणि ती मुलग्यांमध्येही होते हे स्पष्ट केलं. पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी सुरूच झाली नाही, तर "खेळाडू मुलींचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या गटात कोंबण्यापेक्षा वरच्या गटात जाऊ देणं हाच माझा सल्ला असतो. त्याला प्रशिक्षक नाक मुरडतात. त्यांना मी खाशाबा जाधवांची आठवण करून देतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे हे विद्यार्थी १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं, ते त्याहून वरच्या बँटमवेट गटात.

दुखापतीनंतरचे महिने

दुखापत झाली की सगळ्यांचं लक्ष गुडघ्याकडे असतं. एसीएल नावाचा गुडघ्यातला बंध तुटला आणि शस्त्रक्रिया झाली, तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. त्याआधी घाई केली तर पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. या नऊ महिन्यांत मूल दिवसभर काय करतं, याचा विचार कुणी केलेला नसतो. पाचवीपासून ज्याचा दिवस मैदानाभोवती फिरला, ज्याला गल्लीत "पैलवान" म्हणूनच हाक मारतात, त्याला अचानक "आता मी कोण?" हा प्रश्न पडतो. संघ दौऱ्यावर जातो, ग्रुपवर फोटो येतात, जागा दुसऱ्याला मिळते. या काळात उदासीनता येणं खूप सामान्य आहे. पहिल्या महिन्यात लोक भेटायला येतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणी येत नाही. त्या वेळी जास्त लक्ष ठेवा.

उपयोगी पडतं ते साधंच. फिजिओथेरपीचे छोटे टप्पे वहीत लिहायचे. आठवड्यातून एक-दोनदा मैदानावर जाऊन गुण लिहायचे किंवा लहान मुलांना शिकवायचं, म्हणजे संघाशी नाळ तुटत नाही. गुडघा बरा झाल्यावरही "परत तुटेल" ही भीती राहते. डॉक्टरांना ती जरूर सांगा. तिच्यावरही काम करता येतं.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र वेगळा विचार करा. कुस्तीत, कबड्डीत, फुटबॉलमध्ये डोकं आपटल्यावर मूल बेशुद्ध पडलं नाही तरी मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. पुढच्या दिवसांत डोकेदुखी, प्रकाश सहन न होणं, चिडचिड, रडू येणं, अभ्यासात मन न लागणं ही त्याचीच लक्षणं असतात. डोक्याला मार लागून असं काही वाटत असेल तर त्या दिवशी परत खेळवायचं नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सरावही सुरू करायचा नाही. सारख्या उलट्या, झापड येणं, झटके, एका बाजूची ताकद कमी होणं यांपैकी काही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.

कणखर मन म्हणजे काय?

न रडणं, न घाबरणं, दुखत असूनही खेळणं याला आपण कणखरपणा म्हणतो. वैद्यकीय दृष्टीने पाहिलं तर कणखर मन म्हणजे धक्का बसल्यावर सावरून पुन्हा उभं राहण्याची क्षमता. ती जन्मजात ठरलेली नसते, आणि एकट्याच्या बळावर तयार होत नाही. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती, प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं होतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि त्याचं ऑलिंपिक कांस्यपदक आलं २०२४ मध्ये. मधली पंधरा वर्षं बातमीत येत नाहीत. त्या वर्षांत माणूस टिकतो तो भोवतालच्या माणसांमुळे.

थांबणं हाही सावरण्याचाच भाग असू शकतो. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियोत सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, कारण हवेत असताना आपलं शरीर कुठे आहे याचं भानच तिला राहत नव्हतं. तशा अवस्थेत उडी मारणं जिवावर बेतलं असतं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. उलट बाजूही आहे. अभिनव बिंद्राने सांगितलं आहे की २००८ चं सुवर्णपदक मिळाल्यानंतरच त्याला मोठ्या मानसिक पोकळीला तोंड द्यावं लागलं. त्यामुळे "जिंकतोय ना, मग कसलं टेन्शन?" हा प्रश्न मुलाला विचारू नका.

खेळाडूने स्वतः काय करावं?

हा भाग तुमच्या मुलाला किंवा मुलीला वाचायला द्या.

श्वासापासून सुरुवात कर. नाकाने चार अंक मोजत श्वास आत घे, सहा अंक मोजत हळू बाहेर सोड. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवला की हृदयाची गती खाली येते. पण हे थेट फायनलच्या दिवशी करून उपयोग नाही. रोज झोपताना पाच मिनिटं असं तीन-चार आठवडे कर, म्हणजे मैदानावर दोन श्वासांतही फरक जाणवेल.

दुसरं म्हणजे ठरलेला क्रम. चढाईआधी तू काय करतेस? बुटाची नाडी बघणं, तळहात पुसणं, एक लांब श्वास, आणि मनात एक छोटं वाक्य. प्रत्येक वेळी तेच, त्याच क्रमाने. चढाई तीस सेकंदांची असते. तिच्याआधीचे पाच सेकंद तुझे आहेत. वाक्य मात्र "चुकू नको" असं नको, कारण मग मन चुकीकडेच बघत राहतं. "पाय हलके", "नजर कोपऱ्यावर" असं, काय करायचं ते सांगणारं असू दे, आणि तुझ्या घरच्या बोलीत असू दे.

चूक झाल्यावर काय करायचं हेही आधीच ठरव. काही खेळाडू मातीला हात लावून तो झटकतात, काही पट्टा घट्ट करतात. ती खूण झाली की ती चूक सामन्यानंतरच्या चर्चेसाठी ठेवून द्यायची. हेसुद्धा सरावात घोटावं लागतं. सरांना सांगून आठवड्यातून एकदा मुद्दाम अवघड परिस्थिती तयार करून घे : शेवटची दोन मिनिटं, एक गुण मागे, बाजूने आरडाओरडा.

ध्येयाचंही बघ. "राज्य स्पर्धेत निवड" हे तुझ्या एकटीच्या हातात नाही. निवड समिती, समोरचा संघ, त्या दिवशीचा पाऊस, सगळंच त्यात येतं. "या महिन्यात डाव्या पायाचा बोनस सुधारायचा" हे तुझ्या हातात आहे. पहिलं भिंतीवर लिही हवं तर, पण रोज तपासायचं ते दुसरं.

आणि खेळाबाहेरचं काहीतरी जप. एक मित्र, एक मैत्रीण जिला तुझा स्कोअर माहीत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या ठरावीक खेळापासून सुट्टी असावी. आपल्याकडे तीन महिने ऐकून प्रशिक्षक हसतील, पण आठवड्याचा एक दिवस तरी मागून घे.

घरच्यांसाठी : मैदानापासून घरापर्यंत

पालक मला विचारतात, "आम्ही काय बोलावं?" त्याआधी केव्हा बोलू नये ते सांगतो. सामना संपल्यापासून घरी पोचेपर्यंत खेळाबद्दल काही बोलू नका. मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाला आपण काय चुकलो हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तो तेव्हा थकलेला, उपाशी आणि बहुधा रडण्याच्या बेतात असतो, आणि चालत्या गाडीवरून त्याला कुठे जाताही येत नाही. "भूक लागलीय का? वडापाव खाऊया?" एवढं पुरे. त्याने विषय काढला तर ऐका. दुसऱ्या दिवशी "काल काय जमलं, काय नाही जमलं?" एवढंच विचारा आणि तांत्रिक चुका प्रशिक्षकांवर सोडा.

"तुझ्यासाठी एवढा खर्च केला" हे वाक्य घरात बंद करा. खर्च खराच असतो, ओढाताण खरी असते, हे मला मान्य आहे. पण त्या वाक्याने मूल जास्त चांगलं खेळत नाही. हरल्यावर घरी यायला घाबरतं. पैशाची अडचण असेल तर शांत वेळी, कर्जदाराच्या सुरात न बोलता, मोठ्या माणसासारखं त्याला सांगा. मुलं समजून घेतात.

मैदानाच्या कडेने ओरडून सूचना देणाऱ्या वडिलांना आणि काकांना एक विनंती. प्रशिक्षक एक सांगतात, तुम्ही दुसरं, आणि मूल मध्ये अडकतं. टाळ्या वाजवा. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना, हरल्यावर अबोला, जिंकल्यावरच लाड, हे सगळं मुलाला एकच सांगतं की घरातली आपली जागा निकालावर ठरते.

आणखी एक अवघड विषय. मूल अचानक एखाद्या ठरावीक प्रशिक्षकाकडे जायला नको म्हणू लागलं, एकटं थांबायला घाबरू लागलं, अंगाला हात लावला की दचकू लागलं, तर आळशीपणाचा ठपका ठेवू नका. शांतपणे विचारा आणि सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मारहाण, अपमान, लैंगिक छळ यांना शिस्तीचं नाव देऊन झाकलं जातं. अठरा वर्षांखालच्या मुलांना २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावं?

उदासपणा, चिडचिड किंवा भीती दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप किंवा भूक बिघडली, आवडता खेळच नकोसा झाला, अभ्यास एकदम घसरला, कारण सापडत नसलेली दुखणी वारंवार येऊ लागली, मूल तंबाखू, दारू किंवा "ताकदीच्या" गोळ्या-इंजेक्शनांकडे वळलं, तर वाट बघू नका. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइडचा त्रास यांनीही थकवा आणि उदासी येते, ते तपासून घ्यावं लागतं. पुढे गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ लागतील.

"मी नसलो तर बरं होईल", "सगळं संपवावंसं वाटतं" असं मूल बोललं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, स्वतःला जखमा करू लागलं, तर ही तातडीची वेळ आहे. त्याला थेट विचारा : "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं याचा दिलासा वाटतो. एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. "पोलीस केस होईल" या भीतीने मुलाला घरी ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा न करता उपचार देण्यावर भर आहे.

उपचार आणि डोपिंग चाचणी

बहुतेक मुलांना बोलून केलेल्या उपचारांनी फरक पडतो. सीबीटी या पद्धतीत भीती वाढवणारे विचार ओळखणं, ते तपासणं आणि टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरं जाणं शिकवतात. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीचे असे दहा-बारा आठवडे गेले. त्यातले पहिले तीन आठवडे ती सामने खेळली नाही, फक्त सराव केला, आणि रात्री दहाला झोपू लागली. सामन्याच्या सकाळी तिच्या पोटात अजूनही गोळा येतो. पहिल्या चढाईनंतर जातो.

औषधं लागलीच तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा : "मूल स्पर्धेत खेळतं, कोणत्या खेळात ते असं." उदासीनतेवर नेहमी दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधं बंदी घातलेल्या यादीत नाहीत. पण हात थरथरू नयेत म्हणून सर्रास दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल नेमबाजी आणि तिरंदाजीत चालत नाही. एकाग्रतेच्या आजारासाठीचं मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या औषधांत येतं. त्यासाठी आधी वैद्यकीय सूट मंजूर करून घ्यावी लागते. यादी दरवर्षी बदलते, म्हणून राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे म्हणजे नाडाकडे खात्री करून घ्या. मैत्रिणीची गोळी घेणं नको, आणि चालू असलेलं औषध स्पर्धेच्या भीतीने आपण होऊन बंद करणंही नको.

पहिल्या भेटीला येताना आधीचे रिपोर्ट, चालू औषधं आणि प्रोटीन पावडरचे डबे बरोबर आणा. शक्य असेल तर मागच्या दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा, सरावाचे तास आणि मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा लिहून आणा. स्पर्धांचं वेळापत्रकही असू द्या, त्यावरून पुढच्या भेटी ठरवता येतात. आणि दहा-पंधरा मिनिटं मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तो आत काय बोलला ते घरी गेल्यावर विचारू नका. जिवाला धोका असेल अशी कोणतीही गोष्ट डॉक्टर तुम्हाला स्वतः सांगतील.